कोळथऱ्याला काय काम?

"जरा सैलच ठेवा हं, वाळूवर लोळायचंय," आगाशेबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातला टेप तिथल्या तिथे थांबला. चौतीस सालची दिवाळीची सुट्टी होती. या बाई मुंबईला मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, वय पस्तिशीच्या आसपास. आमच्या आळीत माझं शिवणाचं मशीन आहे असं कोणी सांगितलं म्हणून पोलकं शिवून घ्यायला आलेल्या. मला वाटलं, थट्टा करतायत. मी टेप पुढे सरकवला आणि आपलं नेहमीचं विचारलं, कोणाकडे उतरलात? तर म्हणे मांडवीजवळ एक खोली घेतलीय आठ दिवसांपुरती. बरोबर कोण? कोणी नाही, एकटीच. मग काम काय काढलंत रत्नागिरीत? "काही नाही हो," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना काही म्हणजे काहीच वाटलं नाही, जणू नाव-गाव सांगावं तसं सांगून टाकलं. त्या गेल्यावर मी पोलकं बेतायला घेतलं आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापून बसले. एकवीस वर्षं मशीन चालवते मी. या आळीतल्या बायकांच्या तीन पिढ्यांचे दंड मला पाठ आहेत, पण असं कधी झालं नव्हतं. त्या दोन डाव्या बाह्या मांडीवर घेऊन मी नुसती बसून राहिले, तर आतून सासूबाईंचा आवाज आला, "मशीन का थांबलं गो?"

आमच्या सासूबाई, सोनूबाई, मी त्यांना आई म्हणते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान असे की मशीनच्या आवाजावरून मी काय शिवतेय ते सांगतील. मशीन चालू असलं की सून घरात आहे आणि सगळं ठीक आहे. थांबलं की विचारायचं. त्यात वाईट काही नाही, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की एकवीस वर्षांत मी दर थांबण्याला कारण दिलंय. दोरा तुटला, सुई बदलतेय, गिऱ्हाईक आलंय. आणि माझ्या एकटीचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे विनाकारण कोणी हलतच नाही. माणूस गावाला जातो तो लग्नाला, मयताला, कोर्टात तारीख असते म्हणून, नाहीतर देवाला. बंदरावर आगबोटीची वाट बघत शंभर माणसं बसलेली असोत, कोणालाही विचारा, काम सांगेल. काम नसलेला माणूस एक तर मुंबईचा किंवा वेडा. मी म्हटलं, "दोरा तुटला, आई," आणि बाह्या गादीखाली सरकवल्या.

त्यातून समुद्र म्हणजे आमच्या घरचाच. सासरे गलबतावर तांडेल होते आणि एका भाद्रपदात परत आले नाहीत. आमचे हे, सखाराम, साहेबाच्या कंपनीच्या बोटीवर खलाशी, दोन-दोन वर्षांनी दोन महिने घरी येतात. म्हणजे माझ्या जन्माला समुद्र पुजलेला, पण मी त्याच्याकडे गेले ती दर वेळी काही ना काही घेऊन. नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन, गणपती बोळवायला गणपती घेऊन, यांना पोचवायला ट्रंक घेऊन. हात रिकामे ठेवून, तोंड तिकडे करून बसलेय असं कधी झालं नाही. यांनी एकदा कुठल्याशा परदेशच्या बंदरातून रंगीत कार्ड पाठवलं होतं. वाळूवर छत्र्या रोवलेल्या आणि खाली गोरी माणसं, बाया, म्हाताऱ्या सगळ्या उताण्या पडलेल्या. मागे लिहिलं होतं, 'ही माणसं इथे सकाळपासून अशीच आहेत. काम विचारलं तर काही नाही म्हणतात. प्रकृती ठीक. आईस नमस्कार.' तेव्हा मी आणि आई पोट धरधरून हसलो होतो. ते कार्ड मी त्या संध्याकाळी ट्रंकेतून काढलं आणि मला हसू येईना. त्यातली एक म्हातारी तर अगदी आईंच्या वयाची होती, डोळे मिटून पडली होती, आणि तिला कोणी विचारत नव्हतं की उठली का नाहीस. मला हेवा वाटला. खरं सांगते, नवऱ्याचा नाही वाटला कधी, त्या म्हातारीचा वाटला.

मग माझ्या डोक्याने घेतलंच. पाय मशीनवर आणि मन किनाऱ्यावर. चार दिवस, एकटीने, काही काम नसताना. पण जायचं कधी? आषाढ-श्रावणात आगबोटच बंद, खवळलेल्या दर्यात कोण जातंय. भाद्रपदात गणपती, म्हणजे आळीतली प्रत्येक बाई पंचमीला पोलकं आणून टाकणार आणि चतुर्थीला हवं म्हणणार. आता पंचमी चतुर्थीच्या नंतर येते हे मलाही कळतं, पण त्या बायकांना कळत नाही, हेच तर रडगाणं आहे. आश्विनात ऊन असं की वाळूवर पाय ठेववत नाही, वर भातकापणी, आणि मग दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू, मार्गशीर्ष अख्खा चोळ्यांचा. माघात परत तेच. फाल्गुनात शिमगा, सगळे चाकरमानी आगबोटी भरभरून घरी, पालखी नाचते, तेव्हा कोण सोडेल मला. चैत्र-वैशाखात आंबा, आणि आंब्याबरोबर पाहुणे. ज्येष्ठात समुद्र पुन्हा डोळे वटारतो. असं बोटांवर मोजत मोजत एका पोलक्याला काज करता करता मी थबकले. पौष राहिला होता. पौषात लग्न नाही, मुंज नाही, सोयरीक बोलायची नाही, शुभ म्हणून काही करायचंच नाही. बिचाऱ्या महिन्याला सगळे नावं ठेवतात. पण हवा गार, दर्या शांत, आगबोट चालू, गर्दी नाही, आणि माझ्या मशीनवर धूळ बसते तो काय तो एकच महिना. इतका चांगला महिना दर वर्षी येत होता आणि मी तो बटणं निवडण्यात घालवत होते.

महिना मिळाला तर जागेचं कोडं. मुंबईच्या माणसाला किनारा दिसतो, मला सोयरे दिसतात. जयगडला माझी नणंद सखू. तिच्याकडे न उतरता मी जयगडला गेले तर ती माझं नाव टाकील, आणि उतरले तर चार दिवस तिच्या पोरांची कापडं शिवत बसेन. हर्णैला धाकूभावजी, तिथे तर यांचा अर्धा गोतावळा. पूर्णगडला माहेरची माणसं. विजयदुर्गापर्यंत पोचले तरी माझ्या चुलतीची विहीण आहेच, देवगडला ती नसली तर तिची जाऊ. मी रोज एक बंदर धरायची आणि रोज तिथलं कोणीतरी मला आठवायचं. इतकी माणसं आपल्याला आहेत याचा आनंद व्हायला हवा, आणि व्हायचाही, पण त्याच वेळी जीव घुसमटायचा. शेवटी दाभोळ उरलं. दाभोळलाही तोंडओळखी होत्या, पण दाभोळहून वर पायवाटेने गेलं की कोळथरे म्हणून गाव आहे, लांब किनारा, महादेवाचं देऊळ, एवढंच ऐकलेलं. ते नाव मी सगळ्या नात्यांच्या चाळणीतून काढलं. मामाकडचं, आत्याकडचं, दिराकडचं. कोणी नाही. कोळथऱ्यात माझं कोणी म्हणजे कोणी नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी आईंसाठी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या केल्या, आणि त्या म्हणाल्या, "आज काय गो सणबीण?"

इथवर सगळं मनातल्या मनात होतं, तोवर सोपं होतं. बोलायची वेळ आली तेव्हा माझी जीभ फिरली. शेजारच्या गंगुबाईंनी आगबोटीच्या ऑफिसाच्या पायरीवर मला पाहिलं आणि तिथेच विचारलं, "कमळे, कुठं गो?" मी म्हटलं, कोळथऱ्याला. "कोळथऱ्याला काय काम?" आणि मी, जी आठ दिवस आरशासमोर 'काही नाही' म्हणायचा सराव करत होते, ती पटकन म्हणाले, "नवस आहे. यांच्यासाठी बोलले होते, महादेवाला." झालं. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. आणि आमच्याकडची रीत अशी की कोणी देवाला चाललं की आपला नारळ त्याच्याबरोबर द्यायचा. देवाला नारळ पोचतो आणि आपलं जाणं वाचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सहा नारळ होते, तिसऱ्या दिवशी अकरा. प्रत्येकाबरोबर निरोप. हा माझ्या गुडघ्यासाठी, हा मुलाच्या नोकरीसाठी, हा म्हैस गाभण राहावी म्हणून. कोळथऱ्याच्या महादेवाचं नावही ज्यांनी परवापर्यंत ऐकलं नव्हतं त्या बायका मला सांगू लागल्या की तो फार कडक आहे. शेवटी नारळ सतरा झाले. मी ते मशीनखाली रचून ठेवले आणि पाय ठेवायला जागा उरली नाही.

सतरा नारळांचंही मी काहीतरी केलं असतं. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझं लुगडंही बांध. मी येत्ये." मी म्हटलं, तुम्ही कशाला? "नवस सखारामासाठी," त्या म्हणाल्या. "लेक माझा. मी घरात बसून कशी चालेन देवाला?" बरोबरच होतं त्यांचं. खोटं बोलायचं तर निदान माझ्या एकटीपुरतं बोलायचं, मी त्यांच्याच मुलाचं नाव घेऊन बसले होते. दोन महिने मी जी जागा शोधली, जिथे मला कोणी हाक मारणार नाही, तिथे आता आई येणार, त्यांचं पांघरूण येणार, सकाळचा चहा येणार आणि 'का थांबलीस गो' येणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि राग आला तो माझाच. एकदा वाटलं, राहू दे, बाई. पौष पुढल्या वर्षीही येईल. मग वाटलं, आज गप्प बसले तर पुढल्या वर्षीही आणखी कुठला देव शोधेन, आणि अशी साठीची होईन.

"आई, नवस नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मी गंगुबाईंना खोटंच सांगितलं."

त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. "मग कोळथऱ्याला काय काम?"

"काही नाही. समुद्राशी बसायचंय. चार दिवस. एकटीने."

आईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, परत मारली. मला वाटलं आता ऐकवणार, नवरा परमुलखात आणि ही वाळूत लोळायला निघाली. मला त्यांची भीती नव्हती कधी, पण त्यांच्या मनातून उतरायची भीती होती. या घरात आम्ही दोघीच. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि हे सतरा नारळ?" मी म्हटलं, मलाही कळत नाही. "तुला काय कळतंय," असं म्हणून त्या उठल्या, आणि जेवून सरळ अंथरुणावर पडल्या.

सकाळी जाग आली ती सगळं घर आवरल्याच्या आवाजाने. आईंनी माझं गाठोडं स्वतः बांधलं होतं, त्यात पोहे, गूळ, आणि दोन नारळ. "एक तिथल्या महादेवाला दे," त्या म्हणाल्या, "म्हणजे अगदीच खोटं राहायचं नाय. बाकीचे मी इथं आपल्या गावदेवाला, भैरीला वाढवत्ये, रोज दोन-दोन. भैरी काय परका हाय? देवाला देव सांगेल. गंगू विचारील तर सांगेन, माझे गुडघे धरले म्हणून राहिल्ये." मी विचारलं, "आणि दुसरा नारळ कोणाचा?" त्या म्हणाल्या, "दुसरा माझा. तो देवाला नको. तू बसशील तिथं फोड आणि खा. आणि आलीस की मला नीट सांग कसं वाटतं. तुझ्या सासऱ्याची वाट बघत मी कितीदा किनाऱ्यावर उभी राहिल्ये, पण बसल्ये नाय कधी." मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "पुरे, बोट जाईल."

आगबोटीच्या फळीवर बसून दाभोळपर्यंत मला तिघांनी विचारलं, आणि तिघांना मी नवसच सांगितला. धीर एकदम येत नाही. दाभोळला आगबोटीवरून पडावात, त्या लहान होडीतून किनाऱ्याला उतरले, पायवाटेने चालत निघाले, कातळ, करवंदीच्या जाळ्या, मग एकदम उतार आणि खाली ते गाव, माडांत बुडालेलं, आणि माडांपलीकडे पांढरी रुंद वाळू, तिच्यावर चिटपाखरू नाही. देवळाजवळ गुरवाचं घर होतं. गुरवीण हौसा, माझ्याच वयाची, तिने पडवीतला कोपरा दाखवला आणि विचारलं, "नवस काय?" मी म्हटलं, "नाही." ती थांबली. "मग कोणाकडं आलाव?" मी म्हटलं, कोणाकडे नाही. "मग काम काय?" "काही नाही," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "जेवायला वेळेवर या मग," आणि आत गेली. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी सतरा नारळ गोळा केले होते. महादेवाला नारळ दिला तेव्हा काही मागितलं नाही. म्हटलं, आले बाबा.

आणि मग बसले. बसणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी माझे पाय वाळूत मशीन चालवत होते, मला कळलंही नाही, टाचांनी दोन खड्डे केले होते. हातांना काही नव्हतं म्हणून पदराची किनार दुमडत बसले, टीप घालायची असल्यासारखी. मनात एकेक येत होतं, आईंनी भात नीट पाहिला असेल का, बाजूच्या घरची चोळी राहिली. मध्येच एकदम सासरे आठवले, ज्यांना मी पाहिलंही नव्हतं. याच पाण्यात कुठेतरी, असं वाटून मला कसंसंच झालं, मी उठले आणि परत बसले. दुसऱ्या दिवशी पाय थांबले. लाट यायची, फुटायची, मागे जायची, आणि तिला पुढची लाट विचारत नव्हती की का थांबलीस. खेकडे बिळातून बाहेर यायचे, मला बघून परत जायचे, मग दुपारपर्यंत त्यांना माझी सवय झाली. तिसऱ्या दिवशी मी आडवी झाले. आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं, आणि लोळले. आगाशेबाईंनी सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, काखेत पोलकं काचतं. मी एकटीच हसले, इतक्या मोठ्याने की एक बगळा उडाला. मग आईंचा नारळ दगडावर आपटला, पाणी प्यायले, खोबरं दातांनी खरवडून खाल्लं, हात लुगड्याला पुसले. चौथ्या दिवशी निघताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती.

बंदरावर गंगुबाई आईंना हात धरून घेऊन आल्या होत्या. "नवस फिटला गो?" गंगुबाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "फिटला. म्हशीचंही सांगितलंय तिनं." वाटेत त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर मी मशीनवरची धूळ पुसली, बसले, अर्ध्या राहिलेल्या चोळीला टीप घातली, आणि मध्येच थांबले. मुद्दाम नाही, आपोआप. सोडलेल्या रहाटासारखं ते चाक फिरत राहिलं आणि मग तेही थांबलं. बाहेर कोणीतरी वाळवण गोळा करत होतं. आतून आवाज आला नाही. मी वाट बघितली, तरी आला नाही. मग आई स्वतःच बाहेर आल्या, भिंतीला हात लावत, आणि माझ्याजवळ पाटावर बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी दोन महिने शब्द जुळवत बसले असते तरी जमलं नसतं. पाय कसे थांबले ते सांगितलं, खेकड्यांचं सांगितलं, नारळाचं सांगितलं. सासऱ्यांचं सांगावं की नाही कळेना, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हात हातात घेतला, बोटं चाचपून बघितली, वाळू राहिलीय का ते बघत असाव्यात. नखांत थोडी होती.

"गुरविणीचं नाव काय म्हणालीस?"

"हौसा."

"जेवायला बरं घालते?"

"बरं घालते."

"हं," आई म्हणाल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पुढल्या पौषात मी जाणार कोळथऱ्याला. दाभोळपर्यंत ने मला फार तर, पुढं डोलीवाला बघू." मी म्हटलं, अहो, मी येते ना बरोबर, तुम्हाला दिसत नाही, मी काही बोलणार नाही, कोपऱ्यात बसेन.

"नको," त्या म्हणाल्या. "तुझं तिथं काय काम?"